जगाची चूल : वाट पाहणारं पातेलं



आज एका कोड्यापासून सुरुवात करू या. असा कोणता पदार्थ आहे, की त्याचा रंग जमला की नाही हे ओळखायला झुरळ आठवावं लागतं?

ईऽऽ करू नका! व्हिएतनाममध्ये साखर करपवून रंग कसा आणायचा हे शिकवताना खरंच असं सांगतात, की साखर झुरळाच्या पंखाच्या रंगाची झाली पाहिजे. पिवळट नको, काळी तर मुळीच नको. तांबूस, तपकिरी आणि चकचकीत. झुरळ कुणालाच आवडत नाही, पण त्याच्या पंखाचा रंग मात्र घराघरांत ठाऊक असतो. मग खूण कशी पक्की झाली, बघा!

या पदार्थाचं नाव थित खो ताउ. थित म्हणजे मांस. तिकडे नुसतं थित म्हटलं, की बहुतेक वेळा ते डुकराचंच समजायचं. खो म्हणजे खारट-गोड रसात, मंद आचेवर, खूप वेळ शिजवणं. आपल्या मैदानावरच्या खो-खोशी त्याचा काही संबंध नाही बरं का! व्हिएतनामी ही सुरांची भाषा. खो सपाट सुरात म्हटलं तर शिजवणं, आणि प्रश्न विचारताना आपण सूर चढवतो तसा चढवून म्हटलं तर 'कठीण'. तेव्हा सूर सांभाळून!

राहिला ताउ. ताउ म्हणजे चिनी, असं पुष्कळ जण सांगतात. दक्षिण व्हिएतनाममधले काही जाणकार मात्र म्हणतात, की त्यांच्या जुन्या बोलीत ताउ म्हणजे मचूळ, म्हणजे ना गोडं ना खारं. नदी समुद्राला मिळते तिथलं पाणी असतं ना, तसं. मला हा दुसरा अर्थ जास्त पटतो, कारण पदार्थाची चव अगदी तशीच असते आणि तो वाढला तेही अशाच पाण्याच्या मुलखात. तिबेटच्या पठारावर उगम पावलेली मेकाँग नदी पाच देश ओलांडून दक्षिण व्हिएतनाममध्ये येते आणि अनेक फाट्यांनी समुद्रात शिरते. तिथले लोक तिला 'नऊ ड्रॅगनांची नदी' म्हणतात. या त्रिभुज प्रदेशात जिकडे पाहावं तिकडे भातखाचरं, कालवे आणि नारळ. त्यातही बेन त्रे हा भाग नारळासाठी प्रसिद्ध. आता तुमच्या लक्षात आलं असेल, की या रश्श्यात साधं पाणी का घालत नाहीत. शहाळ्याचं पाणी हाताशी असताना साधं पाणी कोण घालील?

चला, आता बाह्या सरसावा. पण थांबा! आधी आई, बाबा, आजी, मावशी, जे कुणी घरात मोठं असेल त्यांना हाक मारा. आजच्या स्वयंपाकात एक पायरी अशी आहे, की ती मोठ्यांनीच करायची. ती कोणती आणि का, हे पुढे येईलच.

चार-पाच माणसांसाठी पाऊण किलो डुकराचं मांस लागेल. ते पोटाकडचं आणि कातडीसकट हवं. व्हिएतनामी लोक त्याला 'तीन थरांचं मांस' म्हणतात, कारण त्यात चरबी आणि मांस यांचे थर एकावर एक दिसतात. तुकडे चांगले मोठे, चार-पाच सेंटिमीटरचे चौकोनी करायचे. लहान केले तर दोन तासांच्या शिजण्यात त्यांचा भुगा होतो. शिवाय सहा अंडी (तिकडे बदकाची घेतात, आपण कोंबडीची घेऊ), सुमारे एक लिटर शहाळ्याचं पाणी, तीन मोठे चमचे साखर, सहा-सात लसूणपाकळ्या, सांबारात घालतात तसले तीन-चार छोटे कांदे, दोन अख्ख्या मिरच्या, थोडी मिरपूड. आणि चार मोठे चमचे नुओक माम.

हे नुओक माम म्हणजे मासळीचं पाणी. बोटाएवढ्या छोट्या मासळीत मीठ मिसळून, साधारण तीन वाट्यांना एक वाटी या हिशेबाने, मोठमोठ्या लाकडी पिंपांत वर्षभर मुरवत ठेवतात. मासळी हळूहळू विरघळते आणि तळाच्या तोटीतून लालसर, पारदर्शक पाणी निघतं. फू क्वोक नावाच्या बेटावरचं नुओक माम इतकं नावाजलेलं, की २०१२ साली युरोपीय संघाने त्या नावाला कायद्याचं संरक्षण दिलं. म्हणजे आता तिकडे कुणीही उठून आपल्या बाटलीवर 'फू क्वोक' लिहू शकत नाही. वास? कोकणातल्या मुलांना सांगायला नको. सुकट वाळत घातलेल्या अंगणातून गेलात, की कळेल. पण शिजल्यावर तो वास मागे हटतो आणि नुसती रुची उरते. मोठ्या शहरांतल्या दुकानांत 'फिश सॉस' म्हणून त्याची बाटली मिळते. नाहीच मिळाली, तर सोया सॉस आणि मीठ घाला. चव थोडी वेगळी होईल, पण जेवण अडणार नाही.

मांस धुऊन, पुसून त्याला तीन चमचे नुओक माम, एक चमचा साखर, ठेचलेला लसूण, कांदा आणि मिरपूड चोळून अर्धा-पाऊण तास ठेवून द्या. कच्च्या मांसाला हात लागला, की साबणाने हात धुवायचे. सुरी आणि पाटही लगेच धुवायचे. तोवर अंडी उकडून, सोलून घ्या. सोलण्याचं काम धाकट्या भावंडाकडे द्यायला हरकत नाही. एखाद्या अंड्याला खड्डा पडला तरी रंग चढल्यावर दिसत नाही.

आता ती पायरी. जाड बुडाच्या पातेल्यात दोन चमचे साखर आणि एक चमचा पाणी घालून मध्यम आचेवर ठेवायचं. ढवळायचं नाही, फक्त पातेलं हलकेच फिरवायचं. आधी पाणी उडून जातं, साखरेचा पाक होतो. पाण्याचं उष्णतामान १०० अंशांच्या पुढे जात नाही, हे तुम्ही शाळेत शिकलाच आहात. पण पाणी संपलं, की साखरेला अडवणारं कुणी नसतं. ती तापतच जाते. १६०-१७० अंशांच्या सुमाराला तिचे कण फुटायला लागतात, त्यांच्यातून पाणी निघून जातं, आणि उरलेले तुकडे एकमेकांशी नव्या जोड्या जमवतात. त्यातून शेकडो नवे पदार्थ तयार होतात. मघाची पांढरी, वास नसलेली, नुसती गोड साखर आता मधाच्या रंगाची होते, मग चहाच्या, मग झुरळाच्या! तिला खमंग वास येतो आणि किंचित कडवटपणाही. व्हिएतनामी भाषेत याला नुओक माउ, म्हणजे 'रंगाचं पाणी' म्हणतात. बेन त्रेमध्ये तर साखरेवाचूनच, शहाळ्याचं पाणी तासन्‌तास आटवून असं रंगाचं पाणी करतात.

चहाच्या रंगापासून झुरळाच्या रंगापर्यंत जायला अर्धं मिनिटही लागत नाही. आणि तिथून कोळसा व्हायला त्याहून कमी! म्हणून फोनवर बोलत बोलत करण्याचं हे काम नव्हे. शिवाय हा पाक उकळत्या पाण्याहून कितीतरी जास्त तापलेला असतो आणि अंगावर उडाला तर चिकटून बसतो. म्हणून ही पायरी मोठ्यांची. तुम्ही दोन पावलं मागे उभं राहून रंग ओळखायचा आणि ओरडायचं, 'आता!' त्या क्षणी मोठ्या माणसाने आच बारीक करून मांस अलगद सोडायचं. चर्रर्र आवाज होईल, थोडं उडेल; झाकण ढालीसारखं हातात असू द्यावं. (चुकून भाजलंच, तर भाजलेली जागा लगेच नळाच्या वाहत्या पाण्याखाली निदान २० मिनिटं धरायची. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळदही नाही.)

तुकडे सगळ्या बाजूंनी तांबूस झाले, की शहाळ्याचं पाणी पातेल्याच्या कडेने हळूहळू ओता. मांस पूर्ण बुडालं पाहिजे. उकळी आली, की वर फेस येईल तो पळीने काढून टाका. मग मिरच्या टाका, आच अगदी बारीक करा, आणि झाकण न ठेवता शिजू द्या. झाकलं तर रस गढूळ होतो, असं तिकडच्या सुगरणी म्हणतात. तासाभराने अंडी सोडा. आणखी पाऊण तास. शेवटी चव बघून उरलेलं नुओक माम घाला. मध्ये पाणी कमी झालं, तर गरम पाणी वाढवा. डुकराचं मांस अर्धवट शिजलेलं कधीच खायचं नाही, पण इथे तो प्रश्नच येत नाही. पावणेदोन तासांत ते काट्याने तुटेल इतकं मऊ होतं, कारण कातडीतले चिवट धागे या मंद उष्णतेत विरघळून त्यांची जेली बनते. रस बोटांना चिकटतो, तो त्यामुळेच.

पातेलं आता रटरटतं आहे. आपल्याकडे भरपूर वेळ आहे. तेवढ्यात हे सांगते, की एवढा मोठा टोप भरून हे मांस तिकडे करतात कधी आणि कुणासाठी.

व्हिएतनामच्या नव्या वर्षाला तेत म्हणतात. चंद्राच्या हिशेबाने येत असल्यामुळे त्याची तारीख बदलते. २०२५ साली तो २९ जानेवारीला होता, २०२६ साली १७ फेब्रुवारीला. त्याच्या आठवडाभर आधी चुलीचे देव वर्षभराची खबर सांगायला स्वर्गात जातात, तेही माशावर बसून! हे देव तीन आहेत, कारण जुन्या चुलीला दगड तीन. आपल्याकडेही तीन धोंड्यांची चूल असते, पण त्यांना असं सहलीला पाठवायचं आपल्याला सुचलं नाही.

तेतच्या दिवसांत पूर्वी बाजार सगळे बंद असत. दुकानदारालाही घरी जायचं असतंच ना! घरात फ्रिज नसायचा, हवा दमट आणि गरम. मग तीन-चार दिवस पुरेल, विटणार नाही आणि दर वेळी चूल मांडून बसावं लागणार नाही, असं काय करावं? तर खो. खारट रस, आणि सकाळ-संध्याकाळ एकेक खळखळून उकळी. गंमत म्हणजे उकळी दर उकळी त्याची चव वाढतच जाते. गोव्यात, वसईत नाताळासाठी सोर्पोतेल करणाऱ्या घरांतल्या मुलांना हे ठाऊक असेल. तेही दोन दिवस आधी करतात आणि मुरल्यावरच खातात.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी पूर्वजांना घरी बोलावतात. त्यांच्या फोटोंपुढे पहिलं पान वाढायचं, त्यात हे मांस असतंच. नंतर जिवंत माणसं जेवतात. आणि तीही सगळी एकदम येत नाहीत. मेकाँगच्या मुलखातली लाखो तरुण मुलंमुली हो चि मिन्ह शहराच्या आसपासच्या बुटांच्या आणि कपड्यांच्या कारखान्यांत कामाला आहेत. कुणाची सुटी आज लागते, कुणाची उद्या. कुणाला बसचं तिकीट मिळत नाही, मग तो मोटारसायकलला सामान बांधून निघतो. का माउ हे दक्षिण टोक गाठायचं तर सुमारे ३०० किलोमीटर जावं लागतं. कुणी रात्री अकराला पोचला, तर त्याच्यासाठी काय नव्याने रांधणार? पातेलं तयार असतं. भात लावला, की झालं.

२०२१ साली कोविडच्या लाटेत हे शहर जुलैपासून सप्टेंबर संपेपर्यंत जवळजवळ कुलूपबंद होतं. बंदी सैल होताच ऑक्टोबरच्या पहिल्या दिवसांत हजारो मोटारसायकली गावाकडच्या रस्त्याला लागल्या. मागे बायको, पुढे मूल, मध्ये गाठोडं. पुढचा तेत आला १ फेब्रुवारी २०२२ ला. पुष्कळ घरांत तेव्हा पूर्वजांच्या फोटोंमध्ये एक नवा फोटो होता. पहिलं पान त्याच्यापुढेही वाढलं गेलं.

तुमच्या आजी-आजोबांच्या वयाच्या व्हिएतनामी माणसांना मात्र दुसरंच काही आठवतं. १९७५ साली तिथलं मोठं युद्ध संपलं. त्यानंतरची दहा-बारा वर्षं फार टंचाईची गेली. मांस, तांदूळ, साखर, सगळं कुपनांवर. सरकारी दुकानापुढे पहाटेपासून रांगा लागत, आणि तासन्‌तास उभं राहणं जमेना म्हणून लोक आपल्या जागी एक वीट ठेवून जात. विटांची रांग! त्या काळात लाल मांसापेक्षा चरबीचा तुकडा मिळाला तर लोक जास्त खूश होत, कारण तिचं तेल काढून महिनाभर पुरवता येई. आणि खो तेव्हा चांगला खारट करीत. का? खारट तुकडा लहान असला, तरी त्याच्याबरोबर भात भरपूर जातो. तांबूस, गोडसर, अंड्यांनी भरलेलं पातेलं तेव्हा स्वप्नातलंच. आज तिकडचे लोक पाहुण्याला 'घ्या ना आणखी' म्हणत तुकड्यावर तुकडा वाढतात, त्यामागे त्या विटा आहेत असं मला नेहमी वाटतं.

त्याच वर्षांत लाखो लोक होड्यांत बसून देश सोडून गेले. जे वाचले ते अमेरिका, ऑस्ट्रेलिया, फ्रान्स अशा देशांत वसले. तिथे बर्फ पडतो, शहाळं कुठून आणणार? मग डब्यातलं नारळपाणी आलं, आणि अमेरिकेत तर काही घरांत नारळाच्या चवीचं सोड्याचं पेयच पातेल्यात ओततात! आजीने नाक मुरडलं असेल, पण रंग बरोबर झुरळासारखाच येतो म्हणतात.

बघा बरं, अंडी तांबूस झाली का? तर मग पानं घ्या. गरम पांढरा भात, वर दोन तुकडे, एक अंडं, दोन चमचे रस. मांस तेलकट असतं, म्हणून बरोबर आंबट काहीतरी हवंच. तिकडे मोड आलेल्या मुगाचे लांब कोंब मीठ-व्हिनेगरच्या पाण्यात आंबवतात. आपण काकडी आणि गाजराच्या काड्या लिंबू, मीठ, साखर लावून तासभर ठेवल्या तरी चालेल. आणि एक कडू वाटी! तेतला दक्षिणेत भरल्या कारल्याचं सार करतात. कारल्याचं तिकडचं नाव खो क्वा. हा खो पुन्हा वेगळा, त्याचा सूर आधी खाली जाऊन वर येतो. खो म्हणजे कष्ट, क्वा म्हणजे सरणं. कष्ट सरोत, म्हणून पोरं तोंड वेडंवाकडं करीत ते पितात. पाडव्याला कडुनिंबाची गोळी गिळताना तुम्ही करता तस्संच!

ज्यांच्या घरी डुकराचं मांस चालत नाही किंवा मांसच चालत नाही, त्यांनी हिरमुसू नका. तिकडचे बरेच बौद्ध लोक प्रतिपदेला आणि पौर्णिमेला शाकाहारी जेवतात, त्यामुळे बिनमांसाचा खो तिथेही होतो. टोफू तळून घ्या, बरोबर अळंबी, शहाळ्यातल्या जाडसर खोबऱ्याचे तुकडे, आणि नुओक मामऐवजी सोया सॉस. साखरेचा रंग तोच, शहाळ्याचं पाणी अर्धं, वेळ २०-२५ मिनिटं. अंडी खाणाऱ्यांनी नुसत्या अंड्यांचा केला तरी झकास होतो.

उरलं तर? उरावंच, त्यासाठी तर एवढा टोप! फक्त तिकडच्यासारखं चुलीवर ठेवून देऊ नका. निवलं, की डब्यात घालून फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी वर चरबीचा पांढरा थर जमलेला असेल, तो चमच्याने काढून टाका, आणि लागेल तेवढंच काढून खळखळून उकळा. तिसऱ्या दिवशीपर्यंत अंड्याचा पांढरा भाग आतपर्यंत तपकिरी आणि जरा चिवट होतो. मोठी माणसं तोवर मांसाचे तुकडे मोजत असतात; तिकडची पोरं त्या शेवटच्या अंड्यावर डोळा ठेवून बसलेली असतात. ते भातात कुस्करायचं आणि वर पातेल्याच्या तळाचा दाट रस घालायचा.